पाचव्या वापरातला आयनिक द्रव: खानदेशातील एका प्रयोगशाळेचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण खानदेशातील एका अनुदानित विज्ञान महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात घडले. शोधछात्रा, तिचे मार्गदर्शक आणि प्रयोगशाळा परिचर यांची ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव, वर्ष आणि काही किरकोळ तपशील वगळले आहेत. रसायने, तापमाने आणि एकामागोमाग घेतले गेलेले निर्णय मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत. मी त्याच विभागात शिकवतो. घटनेनंतर नेमलेल्या तीन जणांच्या चौकशी समितीत मी होतो, आणि घटनेआधीच्या एका चुकीच्या निर्णयात माझाही वाटा होता. तो निर्णय पुढे येईलच.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. शंभर अंश सेल्सिअसच्या खाली वितळणाऱ्या क्षाराला आयनिक द्रव म्हणतात. खाण्याचे मीठ वितळवायला ८०१ अंश लागतात. पण क्षारातला धन आयन मोठा आणि बेढब असला, की स्फटिकाची रचना घट्ट बसत नाही आणि तो क्षार खोलीच्या तापमानालाही तेलासारखा वाहता राहतो. पॉल वाल्डेन यांनी १९१४ मध्ये सुमारे १२ अंशांना वितळणाऱ्या इथिलअमोनियम नायट्रेटचे वर्णन केले, तेव्हा त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. १९९२ मध्ये विल्क्स आणि झावोरोत्को यांनी हवेत व ओलाव्यात टिकणारे इमिडाझोलियमचे क्षार मांडले आणि त्यानंतर हे द्रव जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचले. त्यांची वाफ जवळजवळ होत नाही, त्यांना वास नसतो आणि ते पुन्हा पुन्हा वापरता येतात. म्हणून त्यांना ‘हरित द्रावक’ हे नाव चिकटले.

आमच्या भागात या नावाचे आकर्षण जरा जास्तच होते, आणि त्याला कारण होते. इथर या नेहमीच्या द्रावकाचा उत्कलनांक ३४.६ अंश आहे. मे महिन्यात बाहेर पारा ४४ अंशांच्या आसपास असतो आणि आमची संशोधन प्रयोगशाळा इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबच्या थेट खाली आहे. अशा खोलीत इथरची बाटली उघडणे म्हणजे उकळत्या द्रवाचे झाकण काढणेच होय. त्यामुळे न उडणारा, न पेटणारा, बाटलीत शांत बसून राहणारा द्रावक मिळतो म्हटल्यावर आम्हा सगळ्यांनाच हायसे वाटले होते. ‘उडत नाही’ याचा अर्थ आम्ही न कळत ‘धोका नाही’ असा लावून घेतला.

शोधछात्रेचा विषय बिगिनेली विक्रियेचा होता. बेन्झाल्डिहाइड, इथिल ॲसिटोॲसिटेट आणि युरिया एकत्र तापवून डायहायड्रोपिरिमिडिनोन मिळवायचे, ही १८९०च्या दशकापासून माहीत असलेली विक्रिया आहे आणि मुळात ती अल्कोहोलमध्ये थोडे हायड्रोक्लोरिक आम्ल घालून केली जात असे. छात्रा ती १-ब्युटिल-३-मिथाइलइमिडाझोलियम हेक्झाफ्लोरोफॉस्फेट या आयनिक द्रवात १०० अंशांना करत होती. आमच्याकडे त्याला सगळे ‘बीमिम पीएफ-सिक्स’ म्हणत, म्हणून पुढेही तेच नाव वापरतो. शोधनिबंधात दाखवायचा मुख्य मुद्दा असा होता, की तोच द्रव पाच वेळा वापरला तरी उत्पादनाचे प्रमाण घटत नाही. या क्षेत्रातल्या कितीतरी शोधनिबंधांत असा पुनर्वापराचा तक्ता असतो, आणि तो जितका लांब तितके काम चांगले मानले जाते.

समस्या कशी साचत गेली

बाहेरून मागवलेला बीमिम पीएफ-सिक्स महाग पडतो आणि यायला वेळ लागतो, म्हणून तो विभागातच तयार करायचे ठरले. १-मिथाइलइमिडाझोल आणि १-क्लोरोब्युटेन तापवून आधी क्लोराइडचा क्षार करायचा आणि मग त्यातले क्लोराइड काढून त्या जागी हेक्झाफ्लोरोफॉस्फेट आणायचे. या दुसऱ्या पायरीसाठी दोन वाटा होत्या. एक, पोटॅशियम हेक्झाफ्लोरोफॉस्फेट हा कोरडा क्षार वापरणे. दुसरी, हेक्झाफ्लोरोफॉस्फोरिक आम्लाचे जलीय द्रावण वापरणे. कपाटात आम्लाची प्लॅस्टिकची बाटली आधीपासून होती आणि क्षार मागवावा लागणार होता. आम्ल निवडले गेले. या आम्लाच्या द्रावणात हायड्रोफ्लोरिक आम्ल मुळातच मिसळलेले असते. हायड्रोफ्लोरिक आम्ल काच खाते. हे द्रावण काचेऐवजी प्लॅस्टिकच्या बाटलीत येते त्यामागचे कारण तेच. बाटली प्लॅस्टिकची का, हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारला असता तर पुढचे बरेच काही टळले असते असे मला वाटते.

पहिला घाणा काळजीपूर्वक झाला. भांडे बर्फात ठेवून आम्ल थेंबाथेंबाने घातले, खाली बसलेला जड थर पाण्याने धुतला आणि धुतलेल्या पाण्याने निळा लिटमस लाल होईनासा झाल्यावरच थांबले. दुसरा घाणा मार्चअखेरीस, विद्यापीठाला प्रगती अहवाल द्यायच्या आठवड्यात झाला. प्रयोगवहीत ‘तीनदा धुतले’ एवढीच नोंद आहे. लिटमसची नोंद नाही. पुढचे पाचही वापर या दुसऱ्या घाण्याचे आहेत.

प्रत्येक वापरानंतर बर्फाचे पाणी घालून उत्पादन गाळून घ्यायचे, खालचा आयनिक द्रव वेगळा काढायचा, इथरने धुवायचा आणि निर्वातात ७० अंशांना वाळवून पुन्हा त्याच चंबूत घ्यायचा, अशी पद्धत होती. द्रव ‘कोरडा’ करून वापरत असल्यामुळे पाण्याचा प्रश्न उरत नाही, अशी सगळ्यांची समजूत होती. ती चुकीची होती, कारण बिगिनेली विक्रियेत उत्पादनाच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचे दोन रेणू तयार होतात. म्हणजे द्रव कितीही कोरडा घातला तरी चंबूच्या आत, १०० अंशांना, तासन्‌तास पाणी असणारच होते. पाणी, उष्णता आणि थोडेसे आम्ल एकत्र आले की हेक्झाफ्लोरोफॉस्फेट तुटू लागते आणि त्यातून हायड्रोजन फ्लोराइड बाहेर पडते. पाण्यात विरघळले की हेच हायड्रोफ्लोरिक आम्ल. अमेरिकेतील अलाबामा विद्यापीठातल्या रॉबिन रॉजर्स यांच्या गटाने याच बीमिम पीएफ-सिक्सच्या बाबतीत हे २००३ मध्ये प्रसिद्ध केले होते, आणि ‘आयनिक द्रव नेहमीच हरित नसतात’ हेच त्यांच्या लेखाचे म्हणणे होते. मार्गदर्शकांनी तो लेख वाचलेला होता. पण वाचलेली गोष्ट आणि समोरच्या चंबूत चाललेली गोष्ट यांची सांगड त्या वेळी घातली गेली नाही.

चौथ्या वापरात उत्पादनाचे प्रमाण किंचित वाढले. याचा सगळ्यांना आनंद झाला. बिगिनेली विक्रिया आम्लाने वेग घेते हे पदवीच्या वर्गात आम्हीच शिकवतो. तरी सुटे झालेले आम्लच विक्रिया पुढे रेटत असेल, ही शंका कोणाच्या मनात आली नाही. आकडा आपल्याला हवा तसा आला की त्याची उलटतपासणी होत नाही.

काच आंधळी झाली ती गोष्ट

याच काळात एक खूण सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. आमचे ज्येष्ठ परिचर, ज्यांना सगळा विभाग आप्पा म्हणतो, गेली कित्येक वर्षे काचसामान धुतात. तिसऱ्या वापरानंतर त्यांनी तो शंभर मिलिलिटरचा गोलबुडी चंबू छात्रेपुढे धरला आणि अहिराणीत म्हणाले, “ताई, हाई काच आंधयी व्हई गई शे.” चंबूच्या आत, तळापासून द्रवाच्या पातळीपर्यंत, दुधी पडदा चढला होता. त्यावरची काच नेहमीसारखी लखलखीत होती आणि दोन्हींमधली रेघ सुतासारखी सरळ होती. आप्पांनी ब्रशने, साबणाने, मग राखेने घासून पाहिले होते.

छात्रेने तो चंबू मला दाखवला, कारण मार्गदर्शक त्या दिवशी रजेवर होते. मी उजेडाकडे धरून पाहिला आणि सांगितले, की हा बोअरच्या पाण्याचा क्षार आहे. आमच्याकडचे बोअरचे पाणी इतके जड आहे की बादलीच्या कडेला, नळाच्या तोंडाला, कुकरच्या तळाला सगळीकडे पांढरी पुटे चढतात. काच पांढरी दिसली की आमच्या मनात पहिले उत्तर तेच येते. ते उत्तर तपासायला अर्धे मिनिट पुरले असते. कॅल्शियम कार्बोनेटच्या पुटावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घातले की फेस येतो आणि पूट विरघळते. कोरलेल्या काचेवर काहीच होत नाही. आम्लाची बाटली माझ्या हातापासून दोन फुटांवर होती. मी ती उचलली नाही. या संपूर्ण प्रकरणात मला सर्वाधिक खंत याच क्षणाची आहे.

त्या दिवशी दुपारी

मे महिन्यातला तो दिवस होता. पाचवा वापर पूर्ण झाला होता आणि द्रव वाळवायचा राहिला होता. भारनियमनाच्या वेळापत्रकाप्रमाणे दुपारी तीनला लाइट जाणार होती. ७० अंशांवर वाळवायला संध्याकाळ झाली असती, म्हणून छात्रेने तेलकुंडाचे तापमान १२० अंशांवर नेले. ओला, आम्लयुक्त द्रव १२० अंशांवर तापू लागला. निर्वात पंप आणि फ्यूम हूड (वायू पंख्याने बाहेर ओढून नेणारे, पुढे सरकती काच असलेले कपाट) चालू होते तोवर बाहेर काही जाणवले नाही.

लाइट ठरल्या वेळेच्या वीस मिनिटे आधी गेली. पंप थांबला, फ्यूम हूडचा पंखा थांबला. पंपाचे तेल मागे ओढले जाऊन द्रव वाया जाईल, या भीतीने छात्रेने चंबू ताबडतोब सोडवायचे ठरवले. काचेचा सांधा घट्ट बसला होता. तो नंतर आम्ही पाहिला तेव्हा त्याची घासलेली बाजूही खाल्लेली होती. तिने जोर लावला, सांधा झटक्याने सुटला आणि गरम द्रवाचे दोन-तीन थेंब उजव्या हाताच्या तर्जनीवर व मधल्या बोटावर पडले. हातात पातळ, एकदा वापरून टाकायचे नायट्राइलचे हातमोजे होते. नाकात झोंबणारा वास आला आणि ती मागे सरकली. तिने टिश्यूने मोजे पुसले, चंबू झाकला, खिडक्या उघडल्या, मग मोजे काढले. हात धुतले ते साधारण दहा मिनिटांनी, कारण पंपाच्या मोटारीवर चालणारी वरची टाकी रिकामी होती आणि तिला खालच्या मजल्यावर जावे लागले. बोटांवर खूण नव्हती, आग नव्हती. तिने नोंद केली, ‘थोडा द्रव हातमोज्यावर सांडला’.

हायड्रोजन फ्लोराइडचा उत्कलनांक १९.५ अंश आहे, म्हणजे खानदेशातल्या त्या दुपारी ते मोकळे झाले की वायूच असणार. ‘वाफ होत नाही’ अशा द्रवाच्या भांड्यातून झोंबणारा वास येणे, हीच गोष्ट सगळे थांबवून विचार करण्यासाठी पुरेशी होती. तिने तसे केले नाही याचा दोष मी तिला देत नाही. लाइट गेल्यावर काय करायचे आणि कशाला हात लावायचा नाही, हे आम्ही तिला कधी सांगितलेच नव्हते.

रात्र आणि दवाखाना

रात्री दहाच्या सुमारास वसतिगृहात तिच्या तर्जनीत ठसठस सुरू झाली. तिच्याच शब्दांत, नखाखाली काटा मोडून आत राहावा तशी कळ होती आणि ती दर मिनिटाला वाढत होती. बाहेरून बोट फक्त किंचित लाल, टोकाला जरासे फिकट दिसत होते. बर्फाने थोडा वेळ बरे वाटले, मग नाही. साडेअकराला मैत्रिणीने तिला जवळच्या दवाखान्यात नेले.

रात्रपाळीच्या डॉक्टरांनी योग्य तोच प्रश्न विचारला: कोणते रसायन होते? छात्रेने संपूर्ण रासायनिक नाव प्रामाणिकपणे सांगितले आणि ‘हा आयनिक द्रव आहे, हरित द्रावक आहे’ असेही सांगितले. हे नाव ऐकून कोणत्याही डॉक्टरला धोक्याचा बोध झाला नसता. गरम द्रवाने भाजले असे गृहीत धरून मलम आणि वेदनाशामक गोळी दिली गेली. तासाभराने कळ अधिकच वाढली, तेव्हा एक वाजता तिने मार्गदर्शकांना फोन केला.

मार्गदर्शकांनी दोनच प्रश्न विचारले: चंबूची काच कशी दिसत होती, आणि वास कसा होता. उत्तर ऐकताच त्यांनी दवाखान्यात फोन लावून डॉक्टरांना सांगितले, की हे हायड्रोफ्लोरिक आम्ल समजून उपचार करा, कॅल्शियम ग्लुकोनेट लागेल. त्या एका शब्दाने सगळे बदलले. हे आम्ल सौम्य असताना त्वचेवर लगेच काहीच दाखवत नाही. वेदना अनेक तासांनी, कधी कधी एक दिवसानेही सुरू होते. दरम्यान फ्लोराइड आयन त्वचेखाली शिरून तिथले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बांधून टाकतो. मोठ्या प्रमाणात शिरले तर रक्तातले कॅल्शियम घसरून हृदयाची लय बिघडू शकते, म्हणूनच बोटाच्या टोकाच्या दुखण्यासाठी हृदयाचा आलेख काढावा लागतो.

तयार जेल गावात कुठेच मिळाले नाही. दवाखान्यात कॅल्शियम ग्लुकोनेटचे दहा टक्क्यांचे इंजेक्शन होते. डॉक्टरांनी त्याचे २५ मिलिलिटर, पाण्यात विरघळणाऱ्या वंगण जेलच्या ७५ मिलिलिटरमध्ये मिसळून अडीच टक्क्यांचे जेल जागेवर तयार केले, शस्त्रक्रियेच्या हातमोज्यात भरले आणि तिचा हात त्या मोज्यात घातला. बोट बधिर करणारे इंजेक्शन मुद्दाम दिले नाही, कारण या उपचारात वेदना कमी होणे हाच उपचार लागू पडल्याचा पुरावा असतो. जेल दोनदा बदलल्यावर पहाटे पाचच्या सुमारास कळ ओसरली. आलेख आणि रक्तातील कॅल्शियम व्यवस्थित आले. वास नाकात गेला होता म्हणून तिला चोवीस तास देखरेखीखाली ठेवले. तर्जनीचे नख पुढे कडेने काळे पडले आणि दोन-तीन महिन्यांत नवे आले.

चौकशीत काय आढळले

दुसऱ्या दिवशी आम्ही जाड निओप्रीनचे हातमोजे, चेहऱ्यावर ढाल आणि चालू फ्यूम हूड, अशा तयारीने चंबू उघडला. उरलेल्या द्रवात थोडे डिस्टिल्ड पाणी प्लॅस्टिकच्या नळीत हलवले. पाण्याने पीएच कागद गडद लाल केला. त्याच पाण्याच्या थोड्या भागात चुन्याची निवळी घातल्यावर पांढरी गढूळता आली, पण त्यात फॉस्फेटही असू शकते, म्हणून तेवढ्यावर न थांबता एका भूजल तपासणी प्रयोगशाळेतील फ्लोराइड इलेक्ट्रोडवर नमुना तपासून घेतला. फ्लोराइड स्पष्ट निघाले. शेवटी मी चंबू कोरडा करून त्याच्या दुधी भागावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घातले. एक बुडबुडा आला नाही. काचेच्या कांडीचे टोक त्या भागावरून फिरवले तर पाटीवर पेन्सिल ओढावी तशी खरखर हाताला लागली.

पुरवठादाराचे सुरक्षा माहितीपत्रक आमच्या फाइलमध्ये होते आणि ते सर्वांनी वाचलेही होते. त्यात चुकीचे काही नव्हते. पण ते शुद्ध, न वापरलेल्या रसायनाचे पत्रक होते. पाच वेळा १०० अंशांना पाण्यासोबत तापलेल्या द्रवाचे पत्रक कोणी छापत नाही. ते वापरणाऱ्याने स्वतःच तपासून लिहायचे असते.

कोणते पर्याय तोलले

समितीपुढे पहिली सूचना आली ती विभागातले आयनिक द्रवांचे सर्व काम बंद करण्याची. ती सोपी होती, पण आयनिक द्रव हा काही एकच पदार्थ नाही आणि धोका प्रत्येकाचा वेगळा आहे. आमच्याच विभागात दुसरा विद्यार्थी केळीच्या खोडाच्या धाग्यातले सेल्युलोज विरघळवण्यासाठी बीमिम क्लोराइड वापरत होता. रावेर-यावलच्या पट्ट्यात घड कापल्यावर केळीची खोडे शेतातच पडून असतात, त्यामुळे ते काम आमच्या भागासाठी मोलाचे आहे. बीमिम क्लोराइडमधून हायड्रोजन फ्लोराइड निघण्याचा प्रश्नच नाही. तो पोटात गेल्यास विषारी आहे, त्वचेला व डोळ्यांना त्रासदायक आहे आणि हवेतले पाणी झपाट्याने ओढतो. म्हणजे त्याची काळजी घ्यायची ती वेगळ्या पद्धतीने. सरसकट बंदीत हा फरक पुसला गेला असता.

दुसरा पर्याय होता बीमिम पीएफ-सिक्स चालू ठेवून तापमान आणि वापरांची संख्या मर्यादित करण्याचा. मार्गदर्शकांचा कल सुरुवातीला याकडे होता, कारण तीन वर्षांचे काम त्यावर उभे होते. यावर बराच वाद झाला. माझे म्हणणे असे होते, की जी विक्रिया स्वतःच पाणी बाहेर टाकते तिच्यासाठी पाण्याने तुटणारा द्रावक घेणे ही मुळातली विसंगती आहे आणि मर्यादा घालून ती जात नाही. टेट्राफ्लोरोबोरेटचा क्षार घ्यावा, अशीही सूचना आली. पण तोही पाण्याने तुटतो. तिसरा पर्याय बिस्ट्रायफ्लोरोमिथेनसल्फोनिल-इमाइडच्या क्षाराचा. तो पाण्याला दाद देत नाही, पण आम्हाला लागणाऱ्या प्रमाणात परवडत नव्हता.

चौथा पर्याय छात्रेनेच मांडला. कोलीन क्लोराइड आणि युरिया एकास दोन या प्रमाणात मिसळले की १२ अंशांना वितळणारे मिश्रण मिळते, हे २००३ पासून माहीत आहे. कोलीन क्लोराइड कोंबड्यांच्या खाद्यात घालतात आणि युरिया तर विक्रियेचाच एक घटक आहे. यात फ्लोरिन नाही. ते काटेकोर अर्थाने आयनिक द्रव नव्हे, त्यामुळे प्रबंधाचे शीर्षक बदलावे लागणार होते. तिने ते मान्य केले.

काय केले

पुनर्वापराचा तक्ता शोधनिबंधातून काढून टाकला. दुसऱ्या घाण्यावरचे सर्व निकाल बाजूला ठेवले, कारण विक्रिया आयनिक द्रवाने चालली की सुट्या आम्लाने, हे आता सांगता येत नव्हते. हा निर्णय मार्गदर्शकांनी समितीने न सांगता स्वतः घेतला. त्यामुळे छात्रेचे सुमारे आठ महिने गेले.

फ्लोरिन असलेला कोणताही आयनिक द्रव तापवायचा असेल तर प्रत्येक वापरानंतर त्याच्या धुतलेल्या पाण्याचा पीएच वहीत लिहायचा आणि तो आम्लधर्मी आढळला तर द्रव तिथेच बाद करायचा, असा नियम झाला. असे द्रव आता प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवले जातात. अडीच टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट जेल शीतकपाटात असते आणि त्याची मुदत दर सत्राच्या सुरुवातीला पाहिली जाते. लाइट गेली तर फ्यूम हूडची काच खाली ओढायची, तापक बंद करायचा आणि कोणताही सांधा न सोडवता खोलीबाहेर पडायचे. द्रव वाया गेला तरी चालेल, हे वाक्य भिंतीवर मराठीत लावले आहे. निर्वात पंपापुढे उलट ओढ अडवणारी बाटली बसवली, म्हणजे घाईचे कारणच उरत नाही.

सर्वांत उपयोगी ठरलेला बदल कागदाच्या एका पानाचा आहे. प्रत्येक संशोधकाने आपल्या कामातल्या रसायनांतून वाईटात वाईट काय बाहेर पडू शकते, ते डॉक्टरांना कळेल अशा भाषेत एका पानावर लिहून ठेवायचे आणि दवाखान्यात जाताना ते पान सोबत न्यायचे. छात्रेच्या पानावर पहिल्याच ओळीत रसायनाच्या नावाऐवजी ‘यातून हायड्रोफ्लोरिक आम्ल निघू शकते’ असे असते, तर त्या रात्रीचे दीड-दोन तास वाचले असते.

उरलेल्या द्रवाचे काय करायचे हा प्रश्न पूर्ण सुटला नाही. आधी धुतलेले पाणी सरळ बेसिनमध्ये जात होते आणि बेसिनचे पाणी मागच्या नाल्याला. इमिडाझोलियमचे क्षार सहज कुजत नाहीत, आणि त्यांच्यातली कार्बनची साखळी जितकी लांब तितके ते पाण्यातल्या जिवांना अधिक घातक ठरतात. म्हणून हे पाणी बेसिनमध्ये सोडणे आता पूर्ण थांबवले आहे. सुटे फ्लोराइड चुन्याच्या निवळीने कॅल्शियम फ्लोराइडच्या रूपात बसवता येते, पण न तुटलेले हेक्झाफ्लोरोफॉस्फेट आणि इमिडाझोलियम तसेच राहतात. म्हणून तो सगळा गाळ-द्रव प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये, नावनिशी लावून ठेवला आहे. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे तो अधिकृत केंद्रात जायला हवा. राज्यातली अशी केंद्रे तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी या बाजूंना आहेत आणि एका कॅनसाठी तिथून गाडी येत नाही. जिल्ह्यातल्या चार-पाच महाविद्यालयांनी मिळून कचरा एकत्र पाठवावा, असा प्रस्ताव आम्ही दिला आहे. कॅन अजून आमच्याकडेच आहे.

आज वेगळे काय केले असते

घटनेकडे मागे वळून पाहताना तीन ठिकाणी रस्ता बदलता आला असता, असे मला दिसते. आम्लाऐवजी पोटॅशियमचा क्षार घेतला असता तर सुरुवातीचे आम्ल आलेच नसते, आणि दुसऱ्या घाण्याला लिटमस लावला असता तर ते सापडले असते. पण या दोन्ही गोष्टी करूनही पाणी आणि उष्णता यांनी आपले काम हळूहळू केलेच असते, म्हणून मी त्यांना निर्णायक मानत नाही.

निर्णायक होती ती तिसरी जागा. आप्पांनी काच दाखवली तेव्हा विभागातल्या सर्वांपेक्षा जास्त माहिती त्यांच्या हातात होती, फक्त तिला रसायनशास्त्राचे नाव नव्हते. त्यांनी हजारो चंबू धुतले आहेत. क्षाराचे पूट कसे चढते हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. क्षाराचे पूट पाणी वाळते तिथे, वरच्या कडेला, ओघळासारखे चढते. ते द्रवाच्या पातळीखाली, सरळ रेघेत चढत नाही. चौकशीत मी त्यांना विचारले, की तुम्हाला तेव्हा ते क्षारासारखे वाटले होते का. ते म्हणाले, नव्हते वाटले, पण सरांनी सांगितले म्हणून मी धरून चाललो. हे उत्तर मी चौकशी अहवालात जसेच्या तसे लिहिले आहे. समितीतल्या एका सहकाऱ्याचे मत होते, की त्याने विभागाची शोभा होईल. मी ते काढले नाही.

सद्यस्थिती

काचसामानाची एक वही आता आप्पांच्या टेबलावर असते. धुताना काच दुधी, खरखरीत किंवा रंगलेली दिसली की ते तारीख, चंबूचा क्रमांक आणि कोणाच्या कामातला, ते लिहितात. नोंद झाली की त्या चंबूवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घालून पाहणे आणि निकाल त्यांच्यासमोर लिहिणे संबंधित शिक्षकावर बंधनकारक आहे. या चाचणीच्या दोन्ही निकालांचा अर्थ आप्पांना दाखवून दिला आहे. छात्रेचे कोलीन क्लोराइडवरचे काम पूर्ण झाले आणि प्रबंध सादर झाला. त्यानंतरच्या पावसाळ्यात वहीत आणखी एका चंबूची नोंद आली. त्या वेळी आम्ल घालताच फेस आला आणि काच स्वच्छ झाली. आप्पांनी निकालाच्या रकान्यात स्वतःच्या अक्षरात ‘बोअरचा क्षार’ असे लिहिले आणि मी त्याखाली सही केली.